खोली चार जणांची, जाणार दोघंच

या आठवड्याचं पत्र जुळे सोलापुरातून आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

"माझं वय ४६, ह्यांचं ५१. लग्नाला २२ वर्षं झाली, मूलबाळ नाही. मोठ्या दिरांकडं हॉलिडे क्लबची मेंबरशिप आहे. त्यांचे काही दिवस वाया जाणार होते, म्हणून ते आम्हाला दक्षिण गोव्यात, वार्क्याजवळच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये चार रात्री जा म्हणतायत. फेब्रुवारीत किंवा एप्रिलच्या शेवटी. अगदी समुद्राला लागून आहे. फोटोत मात्र जिकडंतिकडं मुलंच. घसरगुंड्या, मुलांचा क्लब, मुलांचा स्विमिंग पूल. जाऊबाई म्हणाल्या, 'दोघंच जाऊन काय करणार तिथं? ते लेकुरवाळ्यांचं आहे.' सासूबाईंचं म्हणणं, खोली चार जणांची आहे तर ननंदेच्या दोन्ही पोरांना न्या. एक आठवीत, एक पाचवीत. दोघंही माझी लाडकी. पण खरं सांगू, ह्या खेपेला दोघांनीच जावंसं वाटतंय. भीती एवढीच, की ह्यांना मुलांचं फार वेड. दिवसभर दुसऱ्यांची मुलं बघून ह्यांना वाईट वाटलं तर? आणि कुणी विचारलं, 'मुलं नाही आणली?' तर काय सांगू? आम्ही शाकाहारी आहोत. पोहायला दोघांनाही येत नाही. जावं का? — एक मामी"

ताई,

तुम्ही सही 'एक मामी' अशी केलीत, तरी मी मुद्दाम ताई म्हणतेय. मामी म्हणून हाका मारणारे घरात पुष्कळ दिसतायत, आणि सुटी तुम्हाला नेमकी त्या हाकांपासून हवी आहे.

जा. फेब्रुवारीत जा आणि दोघंच जा.

जाऊबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. अशा मोठ्या रिसॉर्टचा कारभार मुलांभोवतीच फिरतो, कारण पोरं रमली की आईबाप पुढच्या वर्षी परत येतात. पण ह्याच कारभाराचा तुम्हाला एक फायदा आहे, जो फोटोत दिसत नाही. तुम्ही शाकाहारी आहात. तरुण जोडप्यांसाठीची म्हणून जी लहान, शांत हॉटेलं किनाऱ्यावर असतात, तिथं शाकाहाऱ्याच्या वाट्याला बऱ्याचदा पनीर, जिरा राइस आणि वेटरचा दयाळू चेहरा एवढंच येतं. कुटुंबांच्या रिसॉर्टमध्ये आजी-आजोबा असतात, गुजराती मंडळी असतात, जैन मंडळी असतात. त्यामुळं वरण-भात, इडली, फुलके, ताक असं सगळं रांगेनं मांडलेलं असतं. मुलांसाठी उभ्या केलेल्या पसाऱ्यात मोठ्या माणसांचीच पोटं जास्त नीट भरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पाहिलंय म्हणजे चूक करून पाहिलंय. आमची लेक शिकायला पुण्याला गेली त्या वर्षी आम्ही दोघं असेच एका मोठ्या रिसॉर्टमध्ये गेलो. कुठल्या, ते राहू दे. गेलो तेही दिवाळीच्या सुटीत. खोली मिळाली मुलांच्या पुलाच्या बरोब्बर वर. सकाळी दहाला लाउडस्पीकर सुरू व्हायचा तो एकला थांबायचा. नाश्त्याला गेलो तर डोशाच्या तव्यापुढं गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याला असते तशी रांग, आणि त्या रांगेत मागून आवाज आला, "सरक की बे!" वळून पाहिलं, तर आमच्याच पेठेतलं कुटुंब. चारशे किलोमीटर तुडवून आम्ही सोलापुरातच उभे होतो. आमचे हे दुसऱ्या दिवशी म्हणाले, "घरी जाऊया का? तिथं जरा शांतता असेल."

तेव्हा पहिली गोष्ट तारखांची. एप्रिलचा शेवट नको. शाळा सुटू लागतात, आणि किनाऱ्यावरचा दमटपणा आपल्याला सोसत नाही. आपला उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, पण कोरडा. दोरीवर टाकलेला कपडा अर्ध्या तासात कडक होतो. तिथं एप्रिलात अंघोळ करून बाहेर आलं, की पुन्हा अंघोळीला जावंसं वाटतं. फेब्रुवारीत हवा बरी असते, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे परीक्षा. बारावीची बोर्डाची परीक्षा त्या महिन्यात सुरू होते, पाठोपाठ दहावीची. ज्या घरात परीक्षा तिथलं कुणी हलत नाही, आणि बाकीच्यांच्या शाळा चालू. रविवारी दुपारी पोहोचून गुरुवारी सकाळी निघा. शनिवारची गर्दी पूर्ण चुकते. गोव्याचा कार्निव्हल बहुधा फेब्रुवारीतच येतो. शनिवार ते मंगळवार असे चार दिवस असतो, मडगावातही मिरवणूक निघते. बघायची हौस असेल तर त्याच तारखा धरा, नसेल तर टाळा. आणि बुकिंग पक्कं करताना एक नक्की विचारा: त्या दिवसांत तिथं लग्न किंवा कंपनीचा मेळावा आहे का? थंडीच्या मोसमात मोठ्या रिसॉर्टना लग्नं घ्यायची हौस फार. पोरांचा गलका आठ-नऊला झोपतो, वरातीचा नाही.

फेब्रुवारी ठरला की पोरांचा प्रश्नही आपसूक सुटतो. त्यांची शाळा आहे. हे निमित्त खरं आहे, तेव्हा सांगताना नजर चुकवायची गरज नाही. पण समजा शाळा नसती, तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं. आठवीतल्या पोराला बरोबर नेलंत की तुमचा दिवस कसा जाणार हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ओले कपडे कुणी वाळत घालायचे, पाचवीतल्याला पाण्यात किती वेळ ठेवायचं, आईचा फोन आला की त्यानं काय खाल्लं ते कुणी सांगायचं. पोहता येत नसलेल्या दोन माणसांनी दुसऱ्याची दोन मुलं समुद्रावर सांभाळणं तर मला अजिबात पटत नाही. लाडकी आहेत तर थंडीत एखाद्या रविवारी हुरड्याला न्या, मनसोक्त लाड करा.

सासूबाईंना हे कुणी सांगायचं? ह्यांनी. त्यांची आई, त्यांची बहीण. तुम्ही सांगितलंत तर ते सुनेचं 'नाही' होतं आणि दहा वर्षं पुरतं. मुलानं सांगितलेलं 'नाही' चार दिवसांत विरतं. आणि लांबण लावू नये. "आई, आम्ही दोघंच जातोय, पोरांना मे महिन्यात कुठंतरी नेऊ," एवढं बास.

आता ह्यांच्या मनाचं. तुमचं मूळ पत्र मी तीनदा वाचलं. ह्यांना काय वाटेल, ह्यांना कसं होईल, ह्यांचा चेहरा पडेल, असं त्यात चार ठिकाणी आहे. ह्यांनी स्वतः काय म्हटलं, ते एकदाही नाही. विचारलंत का हो? बावीस वर्षांच्या संसारात एकमेकांच्या मनातलं आपल्याला कळतं असं आपण धरून चालतो, आणि मग दोघंही एकमेकांना जपायच्या नादात गप्प बसतात. मला अशी शंका येते की ज्याला वाईट वाटेल ते माणूस कदाचित तुम्हीच असाल. असाल तरी त्यात चुकीचं काही नाही. एखाद्या संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी चक्कर मारायला जा आणि सरळ विचारा, "तिथं सगळी मुलंच असणारेत, तुम्हाला चालेल का?" ते म्हणाले नको, तर दिरांना दुसरी जागा मागा. क्लबची डोंगरावरची, जंगलातली ठिकाणंही असतात. ते म्हणाले चालेल, तर ते खरं मानून निघा, आणि चारही दिवस त्यांचा चेहरा तपासत बसू नका.

मुलांचं वेड असलेला माणूस अशा जागी दुःखीच होईल असं मला तरी वाटत नाही. वाळूत क्रिकेट चालू असतं, चेंडू ह्यांच्या पायाशी येतो, हे तो परत फेकतात, दुसऱ्यांदा येतो, तिसऱ्यांदा कुणीतरी म्हणतं, "काका, अंपायर होता का?" होऊ देत अंपायर. फक्त हल्लीच्या काळाचं एक भान ठेवा. ओळख नसलेल्या मुलाला उचलून घेणं, गालगुच्चा, चॉकलेट, मोबाइलवर फोटो, हे आईबापांना विचारल्याशिवाय नको. आपल्या गल्लीत हे सगळं चालतं. तिथं एखादी आई घाबरून मुलाला ओढून नेईल, आणि ती नजर ह्यांच्या मनात घर करून राहील. नुसत्या मुलांच्या खेळघरात किंवा त्यांच्या उथळ पुलाजवळ बरोबर मूल नसताना बसू नका, हेही त्यातच आलं.

'मुलं नाही आणली?' हा प्रश्न येणार. पहिल्यांदा तर रिसेप्शनवरच येईल, कारण मुलं मोजून त्यांना क्लबचे पट्टे बांधायचे असतात. त्याचं उत्तर, "आम्ही दोघंच." नंतर नाश्त्याच्या टेबलावर शेजारच्या काकू विचारतील. त्यांनाही तेच, "आम्ही दोघंच." ह्या दोन शब्दांपुढं 'म्हणजे काय झालं' असं काही जोडायचं नाही. आपल्याकडं बायकांना उत्तर दिलं की खुलासाही द्यायची सवय लावलेली असते. प्रश्न विचारणारीला तो खुलासा नकोच असतो, तिचं लक्ष स्वतःच्या धाकट्याच्या ताटाकडं असतं. तरीही कुणी खोदलंच तर विचारा, "तुमचं गाव कुठलं?" माणसाला स्वतःच्या गावाबद्दल बोलायला मिळालं की तो बाकी सगळं विसरतो.

दिवस कसा काढायचा? तिथल्या दिवसाच्या उलटा. कुटुंबांची घडी ठरलेली असते. साडेआठ ते पावणेदहा नाश्ता, दहा ते एक पूल, दुपारी झोप, चारला पुन्हा पूल, सातला खेळ नि हाऊझी, आठला मुलांसकट जेवण, नऊला सामसूम. तुम्ही सहालाच समुद्रावर जा. वेळसावपासून मोबोरपर्यंत तो सगळा किनारा सलग वाळूचा आहे, मध्ये खडक नाहीत. वार्क्याहून दक्षिणेला चालत राहिलात तर पुढं मोबोरला साळ नदी समुद्राला मिळते. तिथवर चालत जायला वेळ लागेल, अट्टहास नको. पण त्या प्रहरी वाळूवर तुम्ही, चार मच्छीमार आणि पाचपंचवीस कुत्री एवढंच असतं. परत येऊन दार उघडताच नाश्ता. डोशाला रांग नाही. दहाला सगळे पुलावर गेले की बागेतले झोपाळे तुमचे. पुलात उतरायचं ते दुपारी दोनच्या सुमारास, सगळे झोपलेले असताना; ऊन असतं खरं, सावलीची बाजू धरा. रात्रीचं जेवण नऊनंतर घ्या. तेव्हा वेटरलाही बोलायला उसंत असते.

पोहता येत नाही म्हणून पूल सोडू नका. बऱ्याच ठिकाणी उथळ बाजूला चारेक फूट पाणी असतं, छातीपर्यंत, आणि खोली काठावर लिहिलेली असते. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावातली आपण माणसं. एवढं पाणी समोर असताना कोरडं काय राहायचं? पण सुती कपड्यांत उतरू देत नाहीत. सलवार-कमीज, साडी, बनियन काही चालत नाही, पोहण्याचाच पोशाख लागतो. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ असा मिळतो आणि तो घालून अवघडल्यासारखं होत नाही. इथूनच, नव्या पेठेतून घेऊन ठेवा. रिसॉर्टच्या दुकानात त्याचीच किंमत पाहून तुम्ही तशाच खोलीवर परत याल. समुद्राचं मात्र वेगळं. लाल-पिवळे झेंडे दिसतील, त्या दोन झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच, जीवरक्षक हजर असताना, गुडघाभर पाण्यात. लाल झेंडा असेल तर पाय भिजवायलाही नाही. सूर्यास्तानंतर नुसतं बसायचं.

टॉवेलची गंमत सांगते. पुलावर टॉवेल कार्डावर मोजून देतात, हरवला तर पैसे लावतात. टॉवेल-चादरीच्या गावातून गेलेल्या आमच्या ह्यांना तो फारच लागला. त्यांनी टॉवेल उलटून विणकर तपासतात तसा तपासला, "आपला नाही हा," म्हणाले, आणि चारही दिवस घरून आणलेलाच वापरला.

खोली मिळण्याआधी दिरांकडून दोन गोष्टी करून घ्या. बुकिंग तुमच्या दोघांच्या नावावर पाठवलेलं हवं, कारण सदस्य स्वतः येत नसेल तर काही क्लब पाहुण्यांसाठी वेगळी रक्कम घेतात. ती किती आणि कोण भरणार हे आधीच बोलून टाका, नंतर भावाभावांत नको. दुसरं, जेवण त्यात धरलंय का? अशा मेंबरशिपमध्ये बहुतेक वेळा राहणं तेवढं असतं. ईपी लिहिलं असेल तर नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता नि एक जेवण. तुम्ही नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरा. दुपारी बुफेच्या वाटेला जाऊ नका. तो दोन पोरं अर्ध्या दरात जेवणाऱ्या कुटुंबाला परवडतो, पूर्ण दराच्या दोघांना नाही. शेंगा चटणी आणि कडक भाकरी तुम्ही नेणारच, मी सांगायला कशाला हवं. दही तेवढं खोलीवर मागवा.

खोली कुठली मागायची, हे मात्र लिहूनच घ्या. पुलापासून लांब, वरच्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाची, लिफ्टशेजारची नको. आणि शेजारच्या खोलीत उघडणारं दार असलेली तर अजिबात नको. कुटुंबांसाठी अशा जोडखोल्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, आणि मधलं दार कितीही बंद असलं तरी पलीकडच्या बाळाचं रडणं, बापाचं घोरणं सगळं इकडं येतं. समुद्र दिसायलाच हवा असा हट्ट नको. समुद्र पन्नास पावलांवर आहे, शांत भिंत महाग.

रात्रीच्या कार्यक्रमात मात्र मागं बसा. माइकवाला पोरगा मुलं नसलेलं जोडपं हेरतोच आणि 'बेस्ट कपल'साठी स्टेजवर ओढतो. आमच्या ह्यांना लग्नाची तारीख विचारली. त्यांनी ठणकावून सांगितली, ती साखरपुड्याची निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अजून वाजवलेल्या नाहीत.

एखादी दुपार जड गेली, तुमची किंवा ह्यांची, तर रिसॉर्टमध्ये बसून राहू नका. रिक्षा-टॅक्सी सांगून मडगावच्या बाजारात जा, किंवा चांदरला पोर्तुगीज काळातली मोठाली घरं आहेत ती बघा, किंवा काब द रामच्या किल्ल्यावर जा. तिथून खाली समुद्र असा दिसतो की काही बोलावं लागत नाही.

जायचं कसं तेवढं राहिलं. आपल्या सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान जून २०२५ मध्ये सुरू झालं. वेळापत्रक बदलत असतं, तेव्हा आधी ते बघा. पण ते उतरवतं मोपाला, म्हणजे गोव्याच्या पार उत्तर टोकाला, आणि तुमचं रिसॉर्ट दक्षिणेला. पुढं टॅक्सीनं दोन-अडीच तास धरा, आणि तिचं भाडं तिकिटासोबतच हिशोबात घ्या. गाडीनं विजापूर, बेळगाव, चोर्ला घाट असा रस्ता आहे. घाट वळणांचा आहे, पहाटे निघून तो उजेडीच उतरा. खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनशिवाय देत नाहीत, तेव्हा धावपळ करून लवकर पोहोचण्यात अर्थ नाही. दोघांचीही आधार कार्डं जवळ ठेवा.

आणि खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या सासूबाईंना फोन करून घ्या. नाहीतर त्या करतील, नेमका तुम्ही झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसल्यावर.